लिंबानीची मोजणी

वाकडेवाडीहून पहाटे साडेपाचची एसटी.
कंडक्टरने नाव विचारलं, उगाच, गंमत म्हणून.
'लिंबानी.'
'लिंबूपाणी?'
पुढची चार बाकं हसली.
तोही हसला, सगळ्यांच्या नंतर, सगळ्यांहून जास्त वेळ.
मग वही काढून पहिली रेघ ओढली.
संख्याशास्त्राचा विद्यार्थी, दिसेल ते मोजतो.

नाशिक माझं, म्हणून मीच म्हटलं होतं, चल,
गंगापूर धरणाच्या अलीकडे बिअरचा मेळा आहे,
सकाळी जाऊ, रात्री हॉस्टेलवर.
घरी कळवलं नव्हतं.
कॉलेज रोडवरून रिक्षा वळली तेव्हा
मी आमच्या गल्लीकडे पाठ करून बसलो,
आणि तो विचारत राहिला, तुझं घर कुठलं, तुझं घर कुठलं.

गेटवर सगळ्यांचं आधार, त्याचा पासपोर्ट.
पासपोर्ट तीन हातांतून फिरून आला,
एका हाताने तर तो उन्हात धरून पाहिला, नोट पाहतात तसा.
मग मनगटाला पिवळा पट्टा.
ग्लासचे साडेतीनशे, धुवून ठेवण्याजोगा परत दिला
तर पन्नास परत.

दुपारपर्यंतची नोंद:
नायजेरिया अकरा.
वेस्ट इंडिज तीन, पैकी एकाने
रिकाम्या कॅनने बॉलिंग टाकायला लावली.
साउथ आफ्रिका दोन.
मलावी शून्य.
फोटो सतरा, त्यातले न विचारता नऊ.
मी म्हणालो, सॉरी यार.
तो म्हणाला, हे कुठल्या रकान्यात लिहू?

शेवटच्या रांगेत, जनरेटरला खेटून, एक स्टॉल.
पाटीवर: नाचणीची बिअर.
दाढीवाला पोरगा सांगत होता, यात चॉकलेटची छटा आहे.
लिंबानीने घोट घेतला. डोळे मिटले.
मला वाटलं, आता याला घर आठवणार, आता हा रडणार.
'पातळ आहे,' तो म्हणाला.
कासुंगूत, त्यांच्या गावी, याच दाण्याची करतात,
मावेरे म्हणतात तिथे.
आंबट, दाट, जवळजवळ चावून प्यायची,
भांडं एकच, आणि ते हातोहात फिरतं.

स्टॉलमागे टबात ग्लास बुचकळणारी बाई थांबली.
पारूबाई भोये, पेठ तालुका, दिवसाचे चारशे.
'नाचणी काय म्हणता? नागली,' ती म्हणाली,
कोपरापर्यंत फेस, साबणाचा.
'यांच्याकडं बी पिकते?'
मी दुभाषा झालो. माझंच गाव, माझीच भाषा,
काम सोपं होतं.
पाऊस किती? सांगितलं.
उतारावर लावता का सपाटीला? सांगितलं.
मग तिने विचारलं, 'राब भाजता का?'

आणि मी अडलो.
राब.
इथून पेठ पन्नासेक किलोमीटर.
मी लिंबानीकडे पाहिलं, जणू त्यालाच माहीत असावं.
पारूबाईने माझी वाट पाहिली नाही.
ओल्या हातांनी फांद्या तोडल्या, हवेत,
रचल्या, काडी लावली, फुंकर मारली,
राखेवर चिमटीने बी टाकलं.
लिंबानीने ग्लास खाली ठेवला.
त्याच्या हातांनीही फांद्या तोडल्या,
फक्त त्याची कुऱ्हाड जरा लांब दांड्याची होती.
दोघं हसली.
मधे मी उभा, हातात दोन कुपनं.

तिने डब्यातून भाकरीचा चतकोर दिला, काळसर, गार.
तो त्याने उभ्याउभ्या खाल्ला.
पन्नास रुपये परत घ्यायला विसरला,
ग्लास तिथेच राहिला, टबात, तिच्या हातात.

रात्री संगमनेरला गाडी दहा मिनिटं थांबली.
मी विचारलं, पारूबाई कुठल्या रकान्यात?
'तिने देश विचारलाच नाही,' तो म्हणाला,
आणि खिडकीला डोकं लावून झोपला.

वही उघडी राहिली होती मांडीवर.
मागच्या पानावर देवनागरीत, लहान मुलासारखं
एकच अक्षर गिरवून गिरवून:
राभ.
दुरुस्त करावं म्हणून पेन काढलं,
आणि नारायणगावपर्यंत तसंच हातात धरून बसलो.